नागपूरच्या उन्हात ब्लॅकबेरी: कोणाच्या घरी फळ धरलंय का?

अंगणवेल (मनीषनगर) · ९ जून

नमस्कार मंडळी. ब्लॅकबेरीचा माझा तिसरा प्रयत्न या मे महिन्यात वाया गेला, म्हणून हा धागा काढते आहे. नागपुरात किंवा विदर्भात कुठेही कोणाच्या घरी हिला फळ धरलं असेल, तर मला तुमच्याकडून अगदी पहिल्यापासून शिकायचं आहे.

हा हट्ट कुठून आला ते आधी सांगते. यजमान लष्करात होते आणि आमची तीन वर्षं रानीखेतला गेली. तिथे एप्रिल-मेमध्ये रस्त्याकडेच्या काटेरी झुडपांवर हिसालू पिकतं. पिवळंधमक, दाण्यादाण्याचं, इतकं नाजूक की डब्यात घालून घरी आणेपर्यंत खालच्या थराचं पाणी झालेलं असायचं. ब्लॅकबेरी त्याच कुळातली, रूबस. निवृत्तीनंतर इथे घर बांधलं, मागच्या अंगाला बारा बाय वीस फुटांची जागा सुटली, तेव्हाच ठरवलं की या कुळातलं एक तरी झाड माझ्या दारात असणार.

पहिलं रोप एका नर्सरीतून आणलं. दोन वर्षं निगुतीनं वाढवलं, आणि फळ आलं तेव्हा कळलं की ती तुती आहे. मग ऑनलाइन बिया मागवल्या. पन्नासातली एकही उगवली नाही. शेवटी गेल्या नोव्हेंबरमध्ये बंगळूरहून टिश्यू कल्चरची बिनकाट्याची दोन रोपं मागवून जमिनीत लावली. फेब्रुवारीपर्यंत काय दिसत होती म्हणून सांगू! मार्चमध्ये कोवळी पानं पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या. एप्रिलमध्ये पानांच्या कडा करपल्या. मेमध्ये सकाळ-संध्याकाळ पाणी घालत होते तरी काड्या बुडापासून काळ्या होत गेल्या. २६ मेला दुसरंही रोप गेलं.

ऊन, माती की पाणी? माझं नक्की काय चुकलं?

गच्चीवरची_बाग (सक्करदरा) · ९ जून

ताई, तुतीचा घोळ माझ्याही घरी झाला आहे. नवीन लोकांसाठी लिहून ठेवते. रोप घेताना पानाचा देठ मोडून बघा. पांढरा चीक आला तर ती तुती. ब्लॅकबेरीला चीक नसतो, आणि एका देठावर तीन किंवा पाच पानं जुळून येतात, गुलाबासारखी. आपल्याकडे जांभळालासुद्धा ‘इंडियन ब्लॅकबेरी’ म्हणतात, त्यामुळे पाटीवरच्या नावावर अजिबात जाऊ नका.

एक विचारू? उन्हाळ्यात झाडांना कूलरचं पाणी घालत होतात का?

अंगणवेल · ९ जून

हो, घालत होते. रोज टाकीतलं उरलेलं दोन बादल्या पाणी तिकडेच जायचं. वाया कशाला घालवायचं म्हणून.

गच्चीवरची_बाग · १० जून

तिथेच निम्मं उत्तर आहे ताई. कूलरमध्ये पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. टाकीच्या कडेला आणि जाळीवर जो पांढरा थर बसतो ना, तेच सगळं तुम्ही मुळांशी ओतत होतात. आरओच्या बाहेर जाणाऱ्या पाण्याचंही तेच. कण्हेर, बोगनवेल सोसतील, पण या कुळाला क्षार अजिबात सोसत नाहीत. पानांच्या कडा करपणं ही त्याचीच खूण. माझी स्ट्रॉबेरी अशीच गेली होती.

माती_आणि_मी (अमरावती रोड) · १० जून

मी बावीस वर्षं माती परीक्षणाच्या कामात होतो, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

कोवळं पान पिवळं आणि शिरा हिरव्या, हे वर्णन लोहाच्या कमतरतेचं आहे. आपल्या काळ्या मातीत लोह नसतं असं नाही. असतं, पण चुनखडीमुळे आणि वाढलेल्या सामूमुळे (म्हणजे पीएचमुळे) झाडाला ते उचलता येत नाही. ब्लॅकबेरीला साडेपाच ते साडेसहा सामू मानवतो. नागपूरच्या काळ्या जमिनी बहुधा साडेसात ते साडेआठमध्ये असतात. घरच्या घरी एक परीक्षा करा. मूठभर कोरडी माती बशीत घ्या, त्यावर चमचाभर व्हिनेगर टाका आणि बशी कानाजवळ धरा.

दुसरी अडचण पाण्याच्या निचऱ्याची. ही मुळं उथळ असतात, बहुतेक सगळी वरच्या फूटभर थरात. मे महिन्यात काळी माती वरून भेगाळते आणि खाली चिकट ओली राहते. तुम्ही दोन वेळा पाणी दिलंत म्हणजे मुळं खालून कुजत होती आणि वरून पानं जळत होती. बुडापासून काळी पडलेली काडी तेच सांगते.

गंधक घालून सामू उतरवता येईल का, असं कोणीतरी विचारेलच. गंधकाचं आम्ल व्हायला जिवाणूंना महिने लागतात, आणि चुनखडीची जमीन ते आम्ल गिळत राहते. वर्षानुवर्षं घालत बसाल. त्यापेक्षा जमिनीच्या वर दीड फूट उंच वाफा बांधा आणि बाहेरचं मिश्रण भरा. हिराकस (फेरस सल्फेट) मातीत टाकू नका, चुनखडीत ते दोन-चार दिवसांत निकामी होतं. चिलेटेड लोह घ्यायचं तर डब्यावर ईडीडीएचए लिहिलेलं बघून घ्या. ईडीटीए स्वस्त मिळतं, पण आपल्या सामूला टिकत नाही.

अंगणवेल · १० जून

आत्ताच व्हिनेगर टाकून बघितलं. सोडा वॉटर उघडल्यासारखा आवाज आला आणि कडेकडेने बुडबुडे फुटले. बशी कितीतरी वेळ कानाला लावून उभी होते. या मातीत मी दोन रोपं मारली.

रानमेवा (चंद्रपूर) · ११ जून

मला जरा वेगळं म्हणायचं आहे, राग मानू नका. आपल्याकडे करवंद आहे, तुती आहे, जांभूळ आहे. ४५ अंशांत उभं राहणारं, पाणी न मागणारं. थंड मुलखातलं झाड नेट लावून, माती बदलून, औषधं देऊन जगवायचं, त्यात झाडाचेही हालच ना? तेवढ्या पाण्यात दहा करवंदाच्या जाळ्या होतील.

अंगणवेल · ११ जून

रानमेवा, राग नाही. तुमचं म्हणणं मी मनावर घेतलं आहे, आणि कुंपणाला या पावसाळ्यात करवंदच लावणार आहे. पण झाडावरचा जीव हिशेबानं जडत नाही. मला दोनच झाडं लावायची आहेत. ती नीट जगत असतील तर त्यांचे हाल होतात असं मी म्हणणार नाही, आणि नीट जगत नसतील तर मी थांबेन.

ह्यूस्टनकर · १२ जून

मूळचा धरमपेठचा, आता टेक्ससमध्ये. इथेही उन्हाळा कडक असतो, त्यामुळे थोडं भर घालतो. जातीची निवड झाली नाही तर बाकी सगळं व्यर्थ जातं.

साधारण ब्लॅकबेरीची काडी दोन वर्षांची असते. पहिल्या वर्षी ती नुसती वाढते, मग थंडी खाते, दुसऱ्या वर्षी तिला फळ येतं आणि ती मरते. तोवर बुडातून नवीन फुटवे वर आलेले असतात. ही थंडी तासांत मोजतात, ७.२ अंश सेल्सियसच्या खालचे तास. नवाहो नावाच्या जातीला असे आठशेच्या वर तास लागतात, नॅचेझला सुमारे तीनशे. नागपुरात २९ डिसेंबर २०१८ ला पारा ३.५ पर्यंत उतरला होता, आईने फोनवर सांगितलेलं आठवतं, पण अशा रात्री किती? नवाहो आणली तर ती तुमच्याकडे पानंच दाखवत राहील.

दोन वाटा आहेत. एक, कमी थंडीवर भागणाऱ्या जाती. इथे टेक्सस ए अँड एमने १९५९ मध्ये काढलेली ब्राझोस आहे, काटेरी पण चिवट. ब्राझीलची टुपी आहे, जिच्यावर मेक्सिकोतली मोठी लागवड उभी राहिली. मेक्सिकोत थंडी पुरत नाही, म्हणून ते औषध फवारून झाडाची पानंच गाळतात. झाडाला हिवाळा होऊन गेल्यासारखं वाटतं आणि ते फुलतं.

दुसरी वाट, पहिल्याच वर्षीच्या काडीला शेंड्याकडे फळ देणाऱ्या जाती. अर्कान्सा विद्यापीठाने २०१३ मध्ये आणलेली प्राइम-आर्क फ्रीडम त्यातली, तीही बिनकाट्याची. तिला त्या फळासाठी थंडी लागत नाही. मात्र फुलोऱ्याच्या वेळी दिवसाचं तापमान तिशीच्या फार वर असेल तर फुलं येऊनही दाणे नीट भरत नाहीत. म्हणजे तुम्हाला फुलं नोव्हेंबरच्या पुढे हवीत.

बियांवर पैसे घालवू नका. कवच टणक असतं, उगवायला महिनोन्‌महिने गारवा लागतो, आणि उगवलं तरी आईसारखं होईल याची खात्री नाही.

काटोलचा_संत्रेवाला · १३ जून

ह्यूस्टनकर भाऊ, तुमचं मेक्सिकोचं वाचून मी उठून बसलो. पानं गाळून झाडाले फसवायचं, हे तं आमचं रोजचं काम हाय जी!

ताई, आंबिया बहाराले आम्ही डिसेंबरात संत्र्याचं पाणी तोडतो. त्याले ताण म्हणतो. पानं मलूल होतात, काही गळतात, झाड थांबते. मंग जानेवारीत आळं चाळून, खत देऊन पाणी सोडलं का फेब्रुवारीत नवती (नवी पालवी) आन्‌ फूल संगंच निघते. हलक्या जमिनीत ताण लवकर बसते, भारी काळ्या जमिनीत जास्त दिवस लागतात, काऊन का ते पाणी धरून ठेवते. नाशिकवाले द्राक्षाले एप्रिलात आन्‌ ऑक्टोबरात दोन छाटण्या देतात, तेही हेच. त्या येलीले आपल्या इकडं झोप लागत नाई, म्हणून कातरीनं झोपवा लागते.

तुमच्या झाडाचं मूळ उथळ हाय असं वर सांगतलं. मंग त्याले संत्र्यावाणी महिनाभर ताण देऊ नका, मरून जाईन. आठ-दहा दिवस पाणी कमी करा, डिसेंबरच्या शेवटी हातानं पानं खुडा, एकूण एक. जानेवारीच्या मधात पाणी सुरू करा. दोनच झाडं हायेत तं औषध कशाले पाह्यजे?

आन्‌ एप्रिलात फळ निघून गेलं पाह्यजे. मे महिन्यात त्याले फळ मागू नका, फक्त जगवा.

माती_आणि_मी · १३ जून

संत्रेवाले दादा, हे फार मोलाचं लिहिलंत. शेवटचं वाक्य तर मी वहीत उतरून घेतलं.

हिंगणारोड · १५ जून

उशिरा लिहितो आहे, पण आमच्या शेतातल्या घराजवळ दोन हंगाम फळ निघालं आहे. पहिल्या वर्षी मोजून पस्तीस, दुसऱ्या वर्षी सव्वा किलोच्या आसपास, चार झाडांचं. त्यामुळे होतं, हे नक्की.

मी काय केलं ते सांगतो. जागा अशी निवडली की सकाळी अकरापर्यंत ऊन आणि मग घराची सावली. पश्चिमेची भिंत असेल तिथे लावू नका, रात्री नऊपर्यंत ती भट्टीसारखी उष्णता फेकत राहते. होळी झाली की वर पन्नास टक्क्यांची हिरवी नेट, पण बाजू मोकळ्या. चारही बाजूंनी गुंडाळली तर आत लाल कोळी माजतो. पानाच्या पाठीमागे बारीक जाळं दिसलं की सकाळी पाण्याचा जोरदार फवारा पाठीमागूनच मारायचा.

बुडाशी सोयाबीनचं कुटार (मळणीनंतरचा भुसा) चार बोटं जाड. त्यात एक चूक माझी झाली. कुटार काडीला टेकवून भरलं आणि पावसाळ्यात उधई (वाळवी) लागली. काडीभोवती वीतभर जागा मोकळी ठेवा.

लागवड जूनमध्ये करू नका. जुलै-ऑगस्टच्या झडीत लहान रोपाची मुळं कुजतात. पितृपक्ष आटोपला की लावा, पुढचे चार-पाच महिने झाडाला सुखाचे असतात.

अंगणवेल · १५ जून

सव्वा किलो! हे वाचून स्वयंपाकघरातून यजमानांना हाक मारून दाखवलं. गवंड्याला उद्याच बोलावते.

अंगणवेल · ४ ऑक्टोबर

वाफा झाला. विटांचा, दीड फूट उंच, खाली निचऱ्याला गिट्टी नाही घातली, सरळ जमिनीवर उघडा ठेवला. आत दोन भाग लाल माती, एक भाग कन्हानची रेती, एक भाग जुनं शेणखत आणि एक भाग कोकोपीट. कोकोपीट तीन पाण्यांतून धुऊन घेतलं, पहिल्या पाण्याचा रंग चहासारखा होता. मिश्रणाचा सामू ६.४ आला. दोन रोपं लावली, पहिल्या वर्षीच्या काडीला फळणारी बिनकाट्याची जात. देठ मोडून बघितला, चीक नाही. पावसाचं पाणी दोन ड्रम भरून ठेवलं आहे आणि कूलरचं पाणी आता अंगण धुवायला जाणार.

गच्चीवरची_बाग · ५ ऑक्टोबर

शाबास ताई! फोटोतलं नवीन पान बघून बरं वाटलं.

अंगणवेल · १८ मे

लिहायला इतके महिने लागले, कारण लिहिण्यासारखं काही घडू नये हीच इच्छा होती. आज बाहेर पारा ४५ च्या पुढे आहे. दोन्ही झाडं जिवंत आहेत. मार्चमध्ये सात-आठ फुलं आली होती, ती मी खुडून टाकली. मूळ धरू दे म्हटलं. नेट आहे, कुटार आहे, पाणी एकदाच, पहाटे साडेपाचला, बोट दोन पेरं मातीत खुपसून बघितल्यावरच. पानं मलूल होतात दुपारी, पण सूर्य उतरला की परत उभी राहतात. आधी दुपारचं मलूल पान दिसलं की मी धावत पाणी घालायचे. आता थांबते, संध्याकाळी बघते.

काटोलचा_संत्रेवाला · १८ मे

ताई, हे लई मोठं शिकल्या तुम्ही. दुपारच्या पानावर पाण्याचा हिशोब करू नका. आता मृगापर्यंत धीर धरा जी.

अंगणवेल · ६ डिसेंबर

पावसाळ्यात प्रत्येक झाडाला पाच-सहा नवीन फुटवे आले. तीन फुटांवर शेंडा खुडत गेले, त्यामुळे बाजूच्या फांद्या फुटल्या. जुन्या काड्या बुडापासून कापल्या. ऑगस्टमध्ये एकदा चिलेटेड लोह दिलं. दोन बांबू रोवून त्यांच्यात दोन तारा ओढल्या आणि काड्या सुतळीने सैल बांधल्या.

१२ नोव्हेंबरला पहिली कळी. फूल पांढरं, किंचित गुलाबी झाक, पाच पाकळ्या, अगदी जंगली गुलाबासारखं. मधमाश्या सकाळी साडेआठला येतात. आज सत्तावीस हिरवी फळं मोजली. कडेच्या दोन फळांत दाणे अर्धेच भरले आहेत, ती पहिली फुललेली.

ह्यूस्टनकर · ७ डिसेंबर

पहिल्या फुलांच्या वेळी दिवसा अजून गरम असणार, म्हणून ते दाणे राहिले. पुढची भरतील. आणि काळं दिसलं की लगेच तोडू नका. चकाकतं काळं फळ आंबट असतं. चकाकी जाऊन थोडं मंद दिसू लागलं आणि बोटाच्या हलक्या ओढीने हातात आलं, की पिकलं.

अंगणवेल · ३ जानेवारी

आज नऊ फळं. मंद काळं दिसणारं पहिलं फळ मी दोन बोटांत धरलं आणि ओढायच्या आधीच ते सुटून आलं. मधोमध उभं चिरून बघितलं. आत पांढरा गाभा फळाबरोबरच आला होता. रानीखेतच्या हिसालूचा गाभा झाडावरच राहायचा, हातात नुसती पोकळ टोपी यायची. इतकी वर्षं या दोघांना मी एकच समजत होते.

यजमानांनी तीन खाल्ली, काही बोलले नाहीत, आणि मग उरलेली मोजायला गेले.

फळलेले शेंडे कापले. संत्रेवाले दादांचं ऐकून उरलेल्या काड्यांना गेले नऊ दिवस पाणी कमी केलं आहे, आणि काल दोन तास बसून सगळी पानं खुडली. झाड अगदी उघडं दिसतं आहे. भीती वाटते आहे, खरं सांगते.

काटोलचा_संत्रेवाला · ३ जानेवारी

भिऊ नका. माह्या बागेत या दिवसात कोणी पाहुणा आला तं त्याले वाटते बाग गेली. काड्यांवरचे डोळे (कोंब) फुगले का मले सांगा.

अंगणवेल · २१ मार्च

दादा, डोळे २६ जानेवारीला फुगले, फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात फूल, आणि आज सकाळची तोडणी धरून आतापर्यंत साडेसहाशे ग्रॅम. अजून तितकीच लाल आहेत. गेल्या आठवड्यात बुलबुलांना पत्ता लागला, म्हणून नेटच्या खाली मच्छरदाणीचं कापड लावलं. वरच्या तारेवरच्या काही फळांत एकेक दाणा पांढरा राहतो आहे. रोग आहे का?

हिंगणारोड · २१ मार्च

रोग नाही. उन्हाचा चटका आहे, ज्या बाजूने दुपारचं ऊन लागतं तिकडेच पांढरा दाणा दिसेल. नेट पुढच्या वर्षी होळीच्या आठ दिवस आधी टाका. फळ खायला चालतं.

रानमेवा · २२ मार्च

अंगणवेल, दोन वर्षं हा धागा वाचतो आहे. मी तेव्हा जे लिहिलं ते करवंदाबद्दल अजूनही खरं मानतो. पण तुम्ही झाडाचं ऐकून ऐकून केलंत. माझ्या मुलीला ही फळं बघायची आहेत. तिच्यासाठी एक रोप मिळेल का?

अंगणवेल · २२ मार्च

मिळेल की! बुडाशी दोन फुटवे मुळांसकट वेगळे उठले आहेत. आत्ता काढले तर उन्हाळ्यात मरतील, म्हणून सप्टेंबरपर्यंत माझ्याकडेच राहू दे. पितृपक्ष संपला की मुलीला घेऊन या, आणि येताना चंद्रपूरकडची करवंदाची दोन रोपं आणा. माझ्या कुंपणात उत्तरेकडच्या दोन जागा अजून रिकाम्या आहेत.